सावलीतले मंत्री

निवडणूक संपते. गुलाल उडतो. ज्यांना जास्त जागा मिळाल्या ते सरकार बनवतात. मंत्री शपथ घेतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचे फोटो येतात. इथवर आपल्याला सगळे ठाऊक असते.

पण जे निवडून आले आणि सरकारात गेले नाहीत, त्यांचे काय? ते पाच वर्षे काय करतात?

"काय करणार? बसतात हात चोळत!" असे पारावर कुणीतरी म्हणते, आणि सगळे हसतात.

वाचकहो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सरकारात न गेलेल्या माणसालाही आपणच मते दिली आहेत. त्यालाही आपल्याच कराच्या पैशातून पगार मिळतो. मग त्याच्याकडून कोणते काम मागायचे, हे आपल्याला ठाऊक नको का? त्या कामाविषयीच आम्ही इथे सांगणार आहोत.

कारखान्याची सभा

आधी आपल्या ओळखीची एक गोष्ट घेऊ. सातारा आणि सांगली हे सहकाराचे जिल्हे. इथले कितीतरी शेतकरी विकास सोसायटीचे किंवा साखर कारखान्याचे सभासद आहेत. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरते. मांडव घालतात. अहवाल छापून येतो. अध्यक्ष विचारतात, "विषय नंबर एक, मंजूर?" पुढच्या रांगेतून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" असे दहा विषय झटक्यात उरकतात. मग चहा.

अशा सभेत मागच्या रांगेतला एक सभासद उठतो आणि ओरडतो, "सगळे चोर आहेत!" थोडा गोंधळ होतो. त्याला खाली बसवतात. सभा पुढे चालू. काय साधले? काही नाही.

दुसरा एक सभासद उठतो. त्याने अहवाल घरी नीट वाचलेला आहे. तो म्हणतो, "अध्यक्षसाहेब, पान बारा बघा. तोडणी-वाहतुकीचा खर्च गेल्या सालापेक्षा वाढलाय. ऊस तर तेवढाच आहे. मग खर्च का वाढला? आणि तो कमी कसा करता येईल, याचा हा माझा हिशेब."

आता मात्र अध्यक्षांना उत्तर द्यावेच लागते. पुढच्या रांगेतले लोकही कान टवकारतात. बारा नंबरचे पान सगळे उघडून बघतात.

हा दुसरा सभासद संचालक नाही. त्याच्या हातात तिजोरीची किल्ली नाही. तरी त्याने संचालकांना सरळ वाटेवर ठेवले. राज्याच्या कारभारात हेच काम जो नेमून घेतो, त्याला छायामंत्री म्हणतात. छाया म्हणजे सावली. मंत्री जिथे जाईल तिथे त्याच्या मागे सावलीसारखा असणारा, तो छायामंत्री. त्याला कुणी प्रतिमंत्री असेही म्हणतात.

प्रतिसरकार वेगळे, प्रतिमंत्री वेगळा

'प्रति' हा शब्द सातारा-सांगलीच्या माणसाला नवा नाही. प्रतिसरकार म्हटले की आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचे डोळे चमकतात.

1942 साली 'चले जाव'ची हाक आली. त्या वेळी सातारा आणि सांगली मिळून बराचसा एकच सातारा जिल्हा होता. लोकांनी कचेऱ्यांवर मोर्चे नेले. वडूज आणि इस्लामपूर इथे सप्टेंबर महिन्यात मोर्च्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. माणसे पडली. मग कार्यकर्ते भूमिगत झाले आणि 1943 पासून त्यांनी इंग्रजांचे राज्य बाजूला सारून गावोगाव आपले राज्य चालवायला घेतले. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील त्यांचे पुढारी. कुंडल हे मोठे ठाणे. तुफान सेना ही त्यांची फौज. गावात न्यायदान मंडळे बसत आणि तंटे मिटवत. दारूला बंदी होती. थोड्या खर्चात गांधी-विवाह लागत. 1946 पर्यंत हे चालले.

मग छायामंत्री म्हणजे असेच का? नव्हे. दोन्हींत मोठा फरक आहे.

प्रतिसरकार परक्या सत्तेविरुद्ध उभे होते. इंग्रजांना आपण निवडून दिले नव्हते. त्यांना मत देऊन काढताही येत नव्हते. म्हणून त्यांचे राज्यच नाकारावे लागले. आज सरकार आपल्या मतांनी येते आणि आपल्या मतांनी जाते. म्हणून छायामंत्री सरकारचा हुकूम मोडत नाही, निराळी कचेरी उघडत नाही, निराळा कर गोळा करत नाही. तो सभागृहात बसतो आणि बोलतो. त्याचे हत्यार एकच: माहिती असलेला प्रश्न.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. "हे वाईट आहे" एवढे म्हणून प्रतिसरकार थांबले नाही. "असे चालवता येते" हे त्यांनी करून दाखवले. छायामंत्र्यालाही नुसते नाव ठेवून भागत नाही. "मी असतो तर असे केले असते" हे त्याला सांगावे लागते.

ही चाल कुठली?

ही चाल इंग्लंडातली. तिथल्या पार्लमेंटात समोरासमोर बाके आहेत. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्ष. सरकारात अर्थमंत्री असला की समोर छाया-अर्थमंत्री असतो. शेतीमंत्री, आरोग्यमंत्री, शिक्षणमंत्री, प्रत्येकासमोर त्याचा त्याचा छायामंत्री. सगळे मिळून छाया मंत्रिमंडळ. विरोधी पक्षनेता त्यांचा प्रमुख.

विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार द्यायचा, असा कायदा इंग्लंडात 1937 साली झाला. सरकारला विरोध करणाऱ्याला सरकारनेच पगार द्यायचा! ऐकायला गंमत वाटते. पण त्यामागे शहाणपण आहे. विरोध करणे हे देशाचेच काम आहे, असे त्या कायद्याने मानले. छायामंत्र्यांना मात्र त्या कामाचा निराळा पगार नसतो. खासदाराचा पगार तेवढा मिळतो.

याचा उपयोग काय होतो? 2024 च्या जुलैत तिथे निवडणूक झाली आणि सरकार पालटले. विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर पंतप्रधान झाले. रेचल रीव्ह्ज 2021 पासून छाया-अर्थमंत्री होत्या, त्या अर्थमंत्री झाल्या. तीन वर्षे त्या खात्याचे कागद वाचलेले होते. पहिल्या दिवशी "हे खाते म्हणजे काय?" असे विचारायची पाळी आली नाही. मतदारांनाही आधीच ठाऊक होते की हा पक्ष आला तर तिजोरी कुणाच्या हाती जाईल.

काम कसे चालते?

आता आपल्या पाण्याचेच उदाहरण घेऊ.

सांगली जिल्ह्याची दोन दुखणी आहेत. पश्चिमेला कृष्णा-वारणेचा महापूर, आणि पूर्वेला जत-आटपाडीचा दुष्काळ. 2005 आणि 2019 च्या पुरात सांगली शहर आणि नदीकाठची गावे बुडाली. 2019 च्या ऑगस्टात ब्रह्मनाळ इथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे गेली. तिकडे त्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी टापूत पिण्याच्या पाण्याला टँकर लागतात. सातारा जिल्ह्यातले माण आणि खटाव तालुकेही असेच कोरडे. कऱ्हाड तालुक्यात टेंभू गावाजवळ कृष्णा अडवून तिचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलायचे आणि दुष्काळी भागाला द्यायचे, या योजनेला 1996 च्या सुमारास मंजुरी मिळाली. ताकारी आणि म्हैसाळ या योजनाही अशाच. पण पाणी शेतात पोचायला वर्षांमागून वर्षे गेली. मोर्चे निघाले, पाणी परिषदा भरल्या.

समजा, विधानसभेत पाटबंधारे खात्यावर नेमलेला एक छायामंत्री आहे. तो काय करील?

पहिले म्हणजे, तारांकित प्रश्न विचारील. तारांकित म्हणजे ज्या प्रश्नावर चांदणीची खूण असते तो. त्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून द्यावे लागते, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. "या योजनेला किती पैसा मंजूर झाला? किती खर्च झाला? अमक्या गावाचा कालवा कधी पुरा होणार?"

दुसरे, लक्षवेधी सूचना देईल. एखादी निकडीची गोष्ट घडली, बोट उलटली, कालवा फुटला, की त्याकडे मंत्र्याचे लक्ष वेधायचे आणि तिथल्या तिथे खुलासा मागायचा.

तिसरे, अंदाजपत्रकाच्या वेळी कपात सूचना मांडील. म्हणजे खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा, असे सुचवायचे. शंभर रुपयांनी खात्याला काय होणार? काही नाही. पण त्या निमित्ताने खात्याच्या कारभारावर बोलता येते. मंत्र्याला उत्तर द्यावे लागते.

चौथे, लोकलेखा समितीचे काम बघील. मंजूर झालेला पैसा ठरल्या कामावर लागला की नाही, हे महालेखापरीक्षकांचा अहवाल समोर ठेवून ही समिती तपासते. लोकसभेत या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा 1967 पासून आहे. हिशेब लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा नियम आपल्या बचतगटालाही लागू आहेच की.

आणि पाचवे, हे सगळ्यात अवघड. तो आपली योजना मांडील. पाणी कुठून आणणार, विजेचे बिल कोण भरणार, पूर आला तर धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, हे आकड्यांसह सांगील.

ही कामे कोणत्याही आमदाराला करता येतात. मग छायामंत्री नेमून काय जास्त होते? असे बघा. जे काम सगळ्यांचे असते, ते कुणाचेच नसते. आज पाण्यावर बोलायचे, उद्या शाळेवर, परवा दवाखान्यावर. मग कशाचाच अभ्यास होत नाही. एका माणसाला एक खाते नेमून दिले की तो त्यात मुरतो. चुकला तर "हे तुझे खाते होते" असे विचारताही येते.

आपल्या मातीतली माणसे

आपल्याकडे इंग्लंडासारखे छाया मंत्रिमंडळ रुजलेले नाही. पण विरोधी बाकावर बसून मन लावून काम करणारी माणसे आपल्या मातीत झाली आहेत.

1957 ची निवडणूक बघा. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जोराचा धक्का दिला. साताऱ्यातून नाना पाटील लोकसभेवर गेले. कऱ्हाडला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण थोड्या मतांनी निसटले. मराठी राज्याची मागणी विरोधी बाकावरून आणि रस्त्यावरून होत राहिली. लोकांनी आपले प्राण दिले. शेवटी 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. मागणी विरोधकांनी लावून धरली, दिल्लीला पटवून ती अमलात आणली सरकारात असलेल्यांनी. दोन्ही हात लागले तेव्हा टाळी वाजली.

याच यशवंतरावांवर पुढे विरोधी बाकावर बसायची पाळी आली. 1962 पासून ते दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशा मोठमोठ्या खात्यांचे मंत्री होते. 1977 साली काँग्रेस हरली. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि साताऱ्याचे खासदार यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्याच साली विरोधी पक्षनेत्याला पगार आणि सोयी देणारा कायदा आपल्या संसदेने केला. चार खाती सांभाळलेला माणूस समोर बसला, की मंत्र्याला उत्तर तोलून मापून द्यावे लागते.

1978 मध्ये त्यांच्या पक्षात फूट पडली आणि ते पद गेले. 1979 च्या जुलैत ते पुन्हा विरोधी पक्षनेते झाले आणि त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. सरकारचे लोक फुटले. 15 जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपतींनी यशवंतरावांना विचारले, "तुम्ही सरकार बनवता का?" त्यांना बहुमत जमले नाही, आणि त्यांनी तसे सांगून टाकले. 28 जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. तेही सरकार महिनाभर टिकले नाही. यातून दोन धडे मिळतात. विरोधी बाकावरचा माणूस उद्याचा मंत्री असतो, हा एक. आणि सरकार पाडणे सोपे, पण त्या जागी दुसरे सरकार उभे करण्याची तयारी आधी असावी लागते, हा दुसरा.

दुसरे नाव वाळवा तालुक्यातल्या ढवळीच्या प्रा. एन. डी. पाटील यांचे. शेतकरी कामगार पक्षाचे ते पुढारी. 1960 पासून त्यांनी बरीच वर्षे विधान परिषदेत काढली. 1978 ते 1980 एवढी दोनच वर्षे ते सहकारमंत्री होते. बाकीचा काळ विरोधातच गेला. 2022 साली ते वारले तेव्हा त्यांना कुणी 'माजी मंत्री' म्हणून तेवढे आठवले नाही. शेतकऱ्याची बाजू अभ्यासाने मांडणारा माणूस म्हणून आठवले.

महाराष्ट्रातला एक प्रयोग

9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने नवी मुंबईत आपले छाया मंत्रिमंडळ जाहीर केले. कुणी गृह खात्यावर नजर ठेवायची, कुणी आणखी कशावर, असे वाटून दिले. कल्पना चांगली होती. पण त्या वेळी विधानसभेत त्या पक्षाचा एकच आमदार होता. छायामंत्री सभागृहाबाहेर आणि मंत्री आत! बाहेरच्याला ना तारांकित प्रश्न विचारता येतो, ना कपात सूचना देता येते. तो पत्र लिहू शकतो, माहितीच्या अधिकारात अर्ज करू शकतो. थोड्याच दिवसांत करोनाची साथ आली आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले.

ही चाल आपल्याकडे का रुजत नाही? कारणे साधी आहेत. आपल्याकडे विरोधी पक्ष एक नसतो, चार-पाच असतात. त्यांचे आपसात पटेलच असे नाही. अर्थ खाते कुणाच्या छायेला द्यायचे यावरूनच भांडण जुंपते. ज्याला खाते मिळाले नाही तो रुसतो. शिवाय ही चाल कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती पक्षाने मनावर घेतली तरच होते.

आणखी एक अडचण आहे. विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता मिळायला पक्षाकडे सभागृहाचा दहावा हिस्सा तरी असावा, असा संकेत पडला आहे. 2014 ते 2024 अशी दहा वर्षे लोकसभेत मान्यता मिळालेला विरोधी पक्षनेता नव्हता. आपल्या विधानसभेत 288 जागा आहेत. त्यांचा दहावा हिस्सा म्हणजे 29. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत कोणत्याही एका विरोधी पक्षाला इतक्या जागा मिळाल्या नाहीत.

"मग सरकारचे बरे झाले की!" असे कुणी म्हणेल. तसे नाही. मोठ्या बहुमताच्या सरकारला तर खरे सांगणाऱ्याची जास्तच गरज असते. ज्या गाडीला वेग जास्त, तिचा ब्रेक आधी तपासतात.

विरोधक म्हणजे वैरी नव्हे

आपल्या गावांतून एक वाईट खोड आहे. निवडणुकीत विरुद्ध पॅनेलमध्ये उभा राहिला, की तो वैरी ठरतो. त्याच्या घरच्या लग्नाला जायचे नाही, त्याचा ऊस वेळेवर तोडायचा नाही, त्याच्या शेताची वाट अडवायची. भावाभावांत बोलणे बंद होते.

हे सोडले पाहिजे. प्रश्न विचारणाऱ्याला असा त्रास झाला, की पुढच्या सभेत कुणी हात वर करत नाही. मग सगळेच विषय "मंजूर, मंजूर." आणि एक दिवस सोसायटी बुडाली की ठेव सगळ्यांचीच जाते, पुढच्या रांगेतल्याची आणि मागच्या रांगेतल्याचीही.

विरोधकांनीही आपले वागणे तपासावे. रोज कागद फाडायचे, घोषणा द्यायच्या आणि सभात्याग करायचा, याला काम म्हणत नाहीत. कधी आवाज चढवावा लागतो, हे खरे. पण बाहेर निघून गेलेला माणूस प्रश्न कसा विचारणार? आणि सरकारने चांगले केले तर "हे चांगले केले" असे म्हणण्याची दानत हवी.

आपण काय करावे?

आपल्या तालुक्याचा आमदार सरकारात असो वा विरोधात, तो भेटला की त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. "गेल्या अधिवेशनात तुम्ही आमच्या भागाचे किती प्रश्न विचारले? कोणत्या खात्याचा अभ्यास केला? आणि तुमच्या हाती ते खाते आले तर तुम्ही काय कराल?"

पहिल्यांदा तो हसेल. दुसऱ्यांदा विचारले की वही काढील. तिसऱ्यांदा तो तयारी करून येईल.

आणि ही सुरुवात आपल्या गावापासून करता येते. ग्रामसभेला जावे. सोसायटीचा अहवाल आला की तो चुलीत घालू नये, वाचावा. आता आपल्याला अक्षर येते. एका बाईने रेशनच्या दुकानाचा हिशेब बघावा, एका गड्याने पाणीपुरवठ्याचा, एकाने शाळेचा. ज्याने जो विषय घेतला त्याने तो वर्षभर सोडू नये.

पान बारा उघडून, उभे राहून, शांतपणे विचारावे, "हा खर्च का वाढला?"

ज्या गावात असे विचारणारी चार माणसे आहेत, त्या गावाचा सरपंच जपून कारभार करतो. राज्याचेही तसेच आहे.